छत्तीस वर्षांनंतर पुन्हा रिकिबीत पाय

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसेजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवलं. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला अशी ती चौघं. अश्वारोहणात त्याआधीचं आपलं आशियाई सुवर्ण १९८२ चं, दिल्लीचं. म्हणजे मध्ये ४१ वर्षं गेली. मी तेव्हा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी होतो. रात्री उशिरापर्यंत चौघांचे व्हिडिओ पाहत बसलो. सकाळी चहा घेताना बायकोला म्हटलं, "मला परत घोड्यावर बसायचंय." ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारून या. मग बोलू."

मी कृषी पदवीधर. कॉलेजात एनसीसीच्या आर अँड व्ही, म्हणजे घोड्यांच्या विभागात होतो. पहाटे पागेत जायचं, खरारा करायचा, चंदी द्यायची आणि मग मैदानात. शिकवणारे उस्ताद लष्करातले. कदम, दुलकी, पोइया, म्हणजे वॉक, ट्रॉट, कँटर, असे हिंदीत हुकूम व्हायचे. थोड्या उड्या, थोडं टेंट पेगिंग. पदवी झाली, बँकेत कृषी अधिकारी म्हणून नोकरी लागली, बदल्या सुरू झाल्या आणि घोडा सुटला तो सुटलाच. छत्तीस वर्षं. या काळात जत्रेतल्या घोड्यावरसुद्धा बसलो नव्हतो.

डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला. खालच्या दोन मणक्यांत झीज होती. ते म्हणाले, उड्या नकोत, बाकी हळूहळू करा. तेव्हाच ठरलं की परतायचं तर ड्रेसेजमध्ये, तिथे उड्या नसतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्यांनीच सांगितलं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पागेत ओरखडे रोजचेच. फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिनं खुब्याचे व्यायाम दिले. कुशीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि पाऊल न हलवता वरचा गुडघा उघडायचा. दिसायला अगदी किरकोळ व्यायाम, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

घोडेस्वारीची जुनी टोपी माळ्यावर होती. ती टाकून दिली. हेल्मेटच्या आतला फोम काळानं खराब होतो, आणि एकदा जोरात पडलं तरी हेल्मेट बदलावं लागतं. नवं घेतलं. बाकी काहीही उसनं चालतं, हेल्मेट नाही.

मग क्लब शोधला. पहिल्या ठिकाणी पैसे आधी मागितले, घोडा नंतर दाखवला. मी खोगीर उतरवायला लावलं. पाठीवर ओली जखम होती, तिच्यावर हळद थापून नमदा टाकलेला. मी तिथून निघालो. दुसरा क्लब शहराबाहेर, घरापासून लांब. पण तिथे पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या, खूर साफ होते आणि सईस घोड्याजवळ गेला की घोडे कान पुढे करत होते. तिथल्या प्रशिक्षक माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं.

घोड्यानं स्वार आणि सामान मिळून स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये, असा साधारण हिशेब धरतात. मला ज्या घोडीवर बसवायचं त्यांच्या मनात होतं, ती साडेचारशे किलोच्या आसपास. म्हणजे नव्वद किलो ही हद्द. माझंच वजन अठ्ठ्याऐंशी, वर खोगीर आणि बूट. मॅडम म्हणाल्या, "काका, ऐंशीला या, मग शेवंती देते. तोवर राजा." राजा हा हाडापेरानं मोठा, म्हातारा, शांत घोडा. मी रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालायला लागलो आणि रात्रीचा भात सोडला. ऐंशीला यायला पावसाळा उजाडला.

घोड्यावर बसणं शरीर विसरत नाही, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. शरीर विसरलं नव्हतं हे खरं. ट्रॉटमध्ये घोड्याच्या बाहेरच्या खांद्याबरोबर उठायचं, हे मला पहिल्या दिवशी न सांगता जमलं. पण शरीराला आठवत होती ती उडी मारणाऱ्याची बैठक. गुडघे आवळलेले, खांदे पुढे, वजन रिकिबीत. ड्रेसेजमध्ये मांडी सैल सोडून खोगिरात खोल बसायचं असतं. गुडघा आवळला की बूड वर उचललं जातं आणि घोड्याला आपल्या बैठकीतून काही कळत नाही. मॅडम दर दोन मिनिटांनी ओरडायच्या, "काका, गुडघे सोडा!" नवशिक्याला नुसतं शिकायचं असतं. मला आधीचं मोडून शिकायचं होतं, आणि मोडायलाच जास्त वेळ गेला.

यावर उपाय एकच निघाला, लंज. मॅडम लांब दोरीवर घोडा गोल फिरवायच्या, माझ्या हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. सुरुवातीला मी खोगिराची पुढची कड घट्ट धरून बसायचो. भीती वाटायची, हे सांगतो. तरुणपणी पडलो तर उठून हसायचो. आता पडलो तर कोण उचलणार, किती दिवस झोपून राहावं लागेल, हे आधी डोक्यात येतं. पहिले काही आठवडे मांड्या इतक्या दुखायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. पण पाय लांब होत गेला. परत येणाऱ्या कुणालाही मी आधी लंजचे तास मागायला सांगतो. त्यात रुबाब नाही, आणि काही क्लब आपणहून देत नाहीत. मागावेच लागतात.

शेवंती मूळची रेसची घोडी. पावसाळ्यात पुण्यात रेस होतात, हिवाळ्यात मुंबईत. धावणं संपलेले बरेच घोडे असे रायडिंग क्लबांत येतात. स्वभावानं ती गोड होती, पण तिचं शिक्षण वेगळं झालेलं. जॉकी लगाम घट्ट धरतो तेव्हा रेसचा घोडा त्या लगामावर रेलून जास्त पळतो. म्हणजे ती जोरात जायला लागली आणि मी घाबरून ओढलं, की ती आणखी जोरात. मॅडमनी शिकवलं की ओढायचं नाही. श्वास सोडायचा, पाठ उंच करायची, क्षणभर हात मिटायचा आणि लगेच सैल सोडायचा. लगेच सोडणं महत्त्वाचं. ते सोडणं मला भीतीमुळे फार दिवस जमत नव्हतं.

दुसरी अडचण डाव्या बाजूची. पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, म्हणजे उजव्या हातानं धावतात. त्याचाच हा परिणाम असं मी खात्रीनं म्हणणार नाही, पण शेवंती उजवीकडे सहज वळायची आणि डावीकडे लाकडासारखी ताठ. माझाही डावा खुबा आखडलेला. मॅडम म्हणाल्या, आधी तुम्ही सुधारा, ती आपोआप सुधारेल. अर्धं तसंच झालं.

पुढच्या हिवाळ्यात जवळच्याच एका क्लबची स्पर्धा होती. सर्वांत खालच्या, प्रिलिमिनरी पातळीवर माझं नाव द्यायचं ठरलं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सपाट मैदान, २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब. वरच्या पातळ्यांना ६० मीटर. कडेला ठरलेल्या जागी इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. कुठून कुठे, कोणत्या चालीनं जायचं, कुठे वर्तुळ घ्यायचं, हे सगळं आधी छापलेलं असतं, त्याला टेस्ट म्हणतात. परीक्षक सी या अक्षरापाशी बसतात आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. पाच म्हणजे कसंबसं, सहा म्हणजे समाधानकारक, सात म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. शेवटी टक्केवारी निघते. साठ-पासष्ट टक्के वाचून शाळेतला हिशेब लावू नये. या खेळात पासष्ट टक्के चांगले मानतात.

घोडा रोज मिळत नाही, मिळाला तरी एकच टेस्ट सारखी करून चालत नाही. घोडा ती पाठ करतो आणि आपण सांगायच्या आधीच वळतो. म्हणून टेस्ट पाठ करायची ती आपल्या पायांवर. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी खडूनं मैदान आखलं, दर मीटरला दहा सेंटिमीटर असं प्रमाण धरून. दोन मीटर बाय चार मीटर. अक्षरांच्या जागी कुंड्या ठेवल्या. अक्षरांचा क्रम विचित्र असतो, ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. क्लबमधल्या मुलांकडे त्यासाठी एक इंग्रजी वाक्य आहे, पण ते माझ्या डोक्यात राहीना. मी मराठीत जुळवलं: 'आई काल एकटीच हिंडली, चहा मात्र बाबांना फुकट.' त्यानंतर कधी अडलं नाही.

बायको खुर्चीत बसून कागद वाचायची, मी पायांनी वॉक, ट्रॉट, कँटर करायचो. कँटरला खरंच त्या त्या बाजूच्या पायावर उड्या मारत जायचो. तिच्या एक लक्षात आलं, जे माझ्या आलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, तुमचं वर्तुळ अंड्यासारखं होतंय." बरोबर होतं. ए पासून सुरू होणारं २० मीटरचं वर्तुळ के आणि एफ या अक्षरांना शिवत नाही. ती अक्षरं कोपऱ्यापासून सहा मीटरवर, आणि वर्तुळ लांब बाजूला शिवतं दहा मीटरवर, म्हणजे अक्षराच्या चार मीटर पुढे. समोरच्या टोकाला ते मैदानाच्या बरोबर मध्यावर यायला हवं. मी अक्षराकडे बघून वळत होतो. आम्ही सुतळी घेऊन खरं वर्तुळ आखलं आणि मी रोज संध्याकाळी त्यावरून चाललो. पुढे मैदानात मॅडमनी त्याच चार जागांवर, म्हणजे ए, दोन्ही लांब बाजू आणि मध्य इथे, छोटे शंकू ठेवले. चार बिंदू दिसले की वर्तुळ आपोआप गोल होतं.

सगळं जमत आलं असताना शेवंती लंगडली. आदल्या दिवशी ठीक होती, सकाळी पुढचा उजवा पाय टेकवेना. खूर गरम. पावसात खूर मऊ होतात आणि एखादा खडा लागून आत पू धरतो, हे मला पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. नालबंदानं नाल काढला, डॉक्टरांनी तळवा थोडा कोरून पूला वाट दिली. मग कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचा, पोटीस बांधायचं, वर पिशवी आणि चिकटपट्टी. सईसकाका ते रोज करायचे, मी मदतीला. त्यांच्याइतक्या निगुतीनं पट्टी मला शेवटपर्यंत बांधता आली नाही.

माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगतो. मी रोज पागेत शिरताना आधी तिच्या पायाकडे बघायचो आणि मनात तारखा मोजायचो. तिचं दुखतंय याच्या आधी माझी स्पर्धा आठवायची. सईसकाका एक दिवस इतकंच म्हणाले, "साहेब, शो फिर आयेगा." त्यानंतर मी तारीख मोजणं सोडलं. ती बरी झाली नाही तर नाव काढून घ्यायचं, हे मॅडमना सांगून टाकलं. तोवर राजावर बसून नुसता वॉक करत होतो, थांबणं, निघणं, कोपऱ्यात नीट जाणं. पुढे गुणपत्रिकेत सगळ्यात चांगले गुण वॉकलाच मिळाले, त्याचं श्रेय या दिवसांना आहे.

ती बरी झाली. नवा नाल बसला. एकदम कामाला न लावता आधी हातात धरून चालवली, मग थोडा वॉक, मग सरळ रेषेत ट्रॉट.

या काळात मला एका माणसाचा मोठा आधार वाटला. जपानचे हिरोशी होकेत्सु. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उड्यांच्या स्पर्धेत उतरले होते. त्यानंतर थेट २००८ मध्ये, बीजिंगला, ड्रेसेजमध्ये. मध्ये चव्वेचाळीस वर्षं. आणि २०१२ मध्ये लंडनला ते उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. त्यांची पातळी वेगळी, तयारी वेगळी. पण उड्यांकडून ड्रेसेजकडे आलेला आणि माझ्याहून वयानं मोठा असा एक माणूस जगात आहे, एवढं मला पुरलं.

कपड्यांचं म्हणाल तर पांढरी ब्रीचेस आणि हातमोजे विकत घेतले. बूट क्लबमधल्या एकाकडून उसने. काळा कोट शिंप्याकडून आल्टर करून घेतला. एक सांगतो, सगळे कपडे घालून निदान एकदा सराव करावा. माझा कोट बटणं लावल्यावर काखेत इतका आवळत होता की हात पुढे जाईना. आधी कळलं म्हणून शिवण उसवून घेता आली. खोगीर आणि लगाम आदल्या दिवशी साबणानं पुसले, सगळे पट्टे सोडून परत बांधले. तेव्हा रिकिबीच्या पट्ट्याची शिवण एका ठिकाणी विरलेली सापडली. तो बदलला.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे पोचलो. सईसकाकांनी आयाळीच्या वेण्या घालून सुईदोऱ्यानं टाचल्या होत्या. शेवंती सुंदर दिसत होती. मला पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं.

सरावाच्या मैदानात गर्दी होती, बहुतेक शाळकरी मुलं. तिथे समोरून येणाऱ्याला डाव्या हाताला डावा हात असं ओलांडायचं असतं. हे आधी माहीत असावं, नाहीतर धडक होते. शेवंती इतर घोडे बघून फुगली, शेपटी वर, मान वर. मॅडम कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "काका, टेस्ट विसरा. नुसती वर्तुळं घ्या, ती श्वास सोडेपर्यंत." पंधरा-वीस मिनिटांनी तिनं फुर्रर केलं, मान खाली आली. मीही तेव्हाच श्वास सोडला असेन.

या स्पर्धेत बाहेरून टेस्ट वाचून दाखवायला परवानगी होती. मॅडम वाचणार होत्या. घंटा झाली, मी आत शिरलो, आणि त्याच वेळी शेजारच्या मंगल कार्यालयात बँड सुरू झाला. मॅडमचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. इथे गच्ची कामाला आली. पुढचं काय हे पायांना माहीत होतं. पाठ नसती तर चुकलो असतो. चुकलेल्या वळणाला गुण कापले जातात, आणि वारंवार चुकलं तर बाद करतात.

पहिलं थांबणं वाकडं झालं, मागचा एक पाय मागे राहिला. सलामी दिली. ट्रॉट घाईचा होता. सी जवळ झेंडूच्या कुंड्या ठेवल्या होत्या, त्यांना बघून ती आत सरकली. उजवीकडचा कँटर बरा. डावीकडे तिनं चुकीच्या पायावर कँटर धरला. डाव्या वर्तुळावर डावा पुढचा पाय पुढे राहायला हवा, तिचा उजवा होता. मी तिला ट्रॉटवर आणलं, एक क्षण थांबून पुन्हा विचारलं, तेव्हा बरोबर लागला. मग लांब लगामावरचा वॉक. तिनं मान लांब केली, खाली नेली, आणि बँडच्या आवाजात शांतपणे मैदान तिरकं ओलांडलं. शेवटची सलामी देताना माझा हात थरथरत होता.

गुणपत्रिका दुपारी मिळाली. डाव्या कँटरला चार. पहिल्या थांबण्याला पाच. वर्तुळांना साडेसहा, बाजूला लिहिलं होतं 'अचूक'. लांब लगामावरच्या वॉकला सात. एकूण साठ टक्क्यांपेक्षा थोडे कमी. बक्षिसात नंबर आला नाही, पण शेवटचाही आलो नाही. खाली एका ओळीत शेरा होता: घोडी अजून पुढे चालवा, हात शांत ठेवा.

ती पत्रिका मी नीट वाचली आणि मला एक गोष्ट दिसली. लवचिकपणा आणि बैठक लागते तिथे माझे गुण गेले. जिथे फक्त अचूकपणा आणि धीर लागतो तिथे ते मिळाले. वर्तुळ गोल असणं, कोपऱ्यात आत जाणं, अक्षरापाशीच चाल बदलणं, थांबल्यावर तीन आकडे मोजून मग निघणं. यासाठी पंचविशीतलं शरीर लागत नाही, खडू आणि सुतळी लागते. उशिरा परतणाऱ्यानं आपले गुण आधी इथे मिळवावेत, बाकीचे सावकाश येतील.

आता सराव डाव्या कँटरवर चालू आहे. पुढच्या स्पर्धेत तीच पातळी, तीच घोडी.

माझ्यासारखे आर अँड व्हीमधले जुने कॅडेट महाराष्ट्रात अनेक असतील. शेतीखात्यात, बँकेत, पशुसंवर्धनात नोकऱ्या करून आता निवृत्त झालेले. त्यांना सांगणं एवढंच. पाठ डॉक्टरांना दाखवा, नवं हेल्मेट घ्या आणि एखाद्या सकाळी जवळच्या क्लबात जाऊन या. पैसे देण्याआधी घोड्याचं खोगीर उतरवायला सांगा आणि त्याची पाठ बघा. पाठ स्वच्छ असेल, तर लंजचा तास मागा.